रोझीला मधमाश्या हव्या आहेत

११ जानेवारी, शनिवार

डावं मनगट मोडलं. मागच्या पायरीवर बर्फ होता, त्यावर मी होते, मग मी नव्हते. पेम्ब्रोकच्या डॉक्टरने कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाला, "आता आराम करा." आराम काय, माहीत असता तर आधीच केला नसता?

टेसचा फोन आला. टेस म्हणजे माझी भाची, माझ्या भावाची मुलगी, हॅलिफॅक्सला रक्त तपासायच्या नोकरीत आहे.
"आत्या, तू एकटी घरात भिंतीशी भांडत बसशील. तुला एक खेळ देते. एका अंगठ्याने खेळता येतो."
"मी एकसष्ट वर्षांची आहे."
"म्हणजे अंगठ्याला भरपूर अनुभव आहे."

खेळाचं नाव 'तीन बुरुज'. आपण आठ पत्ते निवडायचे, त्याला डेक म्हणतात. समोर कोणीतरी अनोळखी माणूस त्याचे आठ घेऊन बसलेला. पत्ता टाकला की त्यातला प्राणी किंवा माणूस उठून चालू लागतो आणि समोरच्याचे बुरुज पाडायला निघतो. पत्ता टाकायला थेंब मोजावे लागतात, जितका तगडा पत्ता तितके जास्त, आणि थेंब सावकाश भरतात. मी अकरा डाव खेळले. अकरा हरले. जेवणाचं विसरले, हे मात्र बऱ्याच वर्षांनी झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

खेळात टोळ्या असतात. आमच्या नातेवाइकांचीही एक आहे, टेसने काढलेली, नाव 'गरम ग्रेव्ही'. कोण अल्बर्टात, कोण व्हँकुव्हरला, सगळे तिथे भेटतात. मी टोळीत शिरल्यावर टेसने हळूच सांगितलं, "बाबाही आहेत हं."

बाबा म्हणजे ॲम्ब्रोस. माझा थोरला भाऊ.

इथे लिहून टाकते म्हणजे मोकळं वाटेल. वीस उन्हाळे आम्ही दोघांनी फ्राइज विकायची गाडी चालवली. तो तळणीवर, मी खिडकीत. हायवेवरून तळ्याकडे जाणाऱ्या वळणावर आमची जागा. गेल्या सप्टेंबरात त्याच्या डोक्यात आलं की गाडी नव्या पेट्रोल पंपापाशी न्यायची. मी म्हटलं, आपल्याकडे लोक तळं बघत खायला येतात, गाड्यांच्या चाकांत हवा भरताना बघायला नाही. तो म्हणाला, "मग चालव एकटी." मी म्हटलं, "चालवीन." त्याने ॲप्रन खुंटीला लावला आणि गेला. त्यानंतर एक शब्द नाही. चर्चमध्ये तो तिसऱ्या बाकावर बसतो, मी सहाव्या. त्याच्या मानेचा मागचा भाग मला आता पाठ झाला आहे.

तर असा माणूस, आणि आम्ही एका टोळीत. खेळात मी रोझलीची 'रोझी' झाले; त्याचं नाव नुसतं 'ॲम्ब्रोस'. कल्पनाशक्तीच्या बाबतीत हा आधीपासूनच असा.

२० जानेवारी, सोमवार

रात्रभर बर्फ पडला. एका हाताने फावडं कसं मारणार या विचारात उठले, तर रस्त्यापर्यंतचं सगळं आवार साफ! शेजारच्या लिओनार्डच्या पिकअपला बर्फ ढकलायचा फाळ आहे. म्हातारा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बरा आहे. एका हाताने लोणी-साखरेचे बटर टार्ट भाजले, वाकडे झाले, तरी डबा भरून नेऊन दिला.
लिओनार्ड जरा चपापला. "हे कशाबद्दल?"
"कशाबद्दल काय विचारतोस, तुला माहीत आहे," मी म्हटलं.
"असेल," म्हणाला आणि दारातच एक तोंडात टाकला. उपकार केलेले बोलून न दाखवणारी माणसं आता उरली नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

डेकची गोम मला कळली असं वाटतंय. जोरकस पत्ते घ्यायचे. माझ्याकडे दगडी अस्वल आहे, सात थेंबांचं. माझे वडील चर्चमधून घरी निघायचे तसं डुलत चालतं. मला ते इतकं आवडलं की जमलेलं सगळं सोनं ओतून त्याची पातळी वाढवत नेली. बाकीचे पत्तेही तगडेच घेतले. राक्षस, तोफ, दोन डोक्यांचा बैल.

डेकचं चित्र टोळीच्या गप्पांत टाकलं. भाचे-पुतणे हसले. मग चार महिन्यांनंतर माझ्या भावाने मला उद्देशून पहिला शब्द उच्चारला.

"जड."

एवढंच. नमस्कार नाही, मनगट कसं आहे नाही. जड म्हणे! स्वतः शंभर किलोचा.

३ फेब्रुवारी, सोमवार

सतत हरते आहे. माझ्या हातात सगळे सात आणि सहा थेंबांचे पत्ते, थेंब भरेपर्यंत समोरचा माणूस माझा बुरुज पाडून जातो. टेसला सांगितलं.
"आत्या, गाडीवर लोक कशाला येतात?"
"फ्राइजला."
"मग बाकी मेनू कशाला आहे?"
"फ्राइजच्या जोडीला. ग्रेव्ही, चीजचे खडे, थंड पेयं."
"तुझ्या डेकमध्ये सगळेच फ्राइज आहेत. ग्रेव्ही कुठाय? जिंकून देणारा एक पत्ता घे. बाकीचे सात त्याला मदत करणारे, स्वस्त, चपळ."
पोरगी हुशार आहे. आईवर गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी बोकड घेतला. चार थेंबांचा. आजूबाजूला कोण मारतंय, कोण रडतंय, काही बघत नाही, सरळ बुरुजाकडे धावतो आणि डोकं आपटतो. स्वभाव ओळखीचा वाटला. आमच्या घरात दोन असे झाले, त्यातला एक तिसऱ्या बाकावर बसतो.

बोकडाच्या मदतीला मधमाश्या हव्या, फक्त एक थेंब. शिवाय दिवेवाली आणि पूलकरी. पण माझे हे तिन्ही पत्ते अगदी खालच्या पातळीचे. वाढवायचे तर तोच पत्ता पुन्हा पुन्हा गोळा करावा लागतो. टेस म्हणाली, टोळीत मागायचा. एक बटण आहे, दाबलं की सगळ्यांना दिसतं, 'रोझीला मधमाश्या हव्या आहेत.' ज्याच्याकडे असतील तो देतो.

मी कोणाकडे काही मागत नाही. नवरा गेला तेव्हाही कोणाकडून पातेलंभर सूप मागितलं नाही, लोकांनीच आणून दिलं. पण बटण म्हणजे काही तोंडाने मागणं नव्हे. दाबलं.

केतली गरम व्हायच्या आत मधमाश्या आल्या. देणारा ॲम्ब्रोस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवेवाली मागितली. ॲम्ब्रोसने दिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पूलकरी मागितला. ॲम्ब्रोस. पुन्हा मधमाश्या मागितल्या. ॲम्ब्रोस. बाकीच्यांना द्यायला संधीच मिळत नाही, हा टपून बसलेला. पहाटेच हा माणूस जागा असतो. परवा अंधारातच त्याचा ट्रक माझ्या घरावरून जाताना दिसला. एकट्याला झोप येत नसेल, दुसरं काय.

आता हे औदार्य कुठून आलं ते माझ्या लक्षात आलं आहे. त्याच्या नावापुढे सोनेरी तारा चमकतो, खाली लिहिलंय 'दानशूर'. पत्ता दिला की देणाऱ्याला गुण मिळत असणार, गुणांवर बक्षीस. तरीच! वीस वर्षं एका गाडीत काढल्यावर माणूस ओळखता येतोच. घे बाबा, कमव माझ्या जिवावर.

पुन्हा बर्फ. पुन्हा आवार साफ. लिओनार्डला टार्ट दिले. म्हणाला, "रोझली, मी खरं सांगू का..."
मी म्हटलं, "काही सांगू नकोस, खा."
खाल्ले.

४ मार्च, मंगळवार

घात झाला. खेळ बनवणारे दर महिन्याला पत्त्यांची ताकद कमीजास्त करतात, आणि या वेळी त्यांनी दगडी अस्वलाचं अर्धं बळ काढून घेतलं. दोन महिने ज्याला भरवलं ते आज मांजर होऊन उठलं. मी टेसवर ओरडले.
"आत्या, मी नाही केलं."
"मग कोणाशी बोलायचं?"
"अस्वल काढ डेकमधून."
"ते माझं आहे."
"आहेच की. पण सात थेंब खातंय आणि काम करत नाही. बाबा जानेवारीतच म्हणाले होते."
"तुझ्या बाबाला कोणी विचारलं होतं?"
मग म्हणाली, "कोणीच नाही, आत्या. तीच तर अडचण आहे तुम्हा दोघांची."
आजकालची मुलं फोनवर काहीही बोलतात. अस्वल मी काढलं नाही.

९ मार्च, रविवार

अस्वल काढलं. त्याच्या जागी विहीर घेतली, तीन थेंबांची, शत्रू तिच्याभोवती घोटाळत बसतो आणि माझा बोकड दुसऱ्या बाजूने निघून जातो. सहा डाव खेळले, पाच जिंकले. चित्र टोळीत टाकलं. ॲम्ब्रोसने एक अंगठा पाठवला. मला उगाच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

२ एप्रिल, बुधवार

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झालाय. दवाखान्यातली बाई व्यायाम शिकवते आणि म्हणते उन्हाळाभर जड उचलायचं नाही. तळणीची जाळी भरली की किती जड होते हे तिला कुठे माहीत.

मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला गाडी उघडायची. दरवर्षी त्याच शनिवारी उघडते, टोरोंटोकडची माणसं तळ्यावर येताना पहिलं वळण घेतात ते आमचं. नाही उघडली तर ती पुढे जातील, पंपापाशी सँडविच घेतील, आणि पुढल्या वर्षी त्यांना वळण आठवणारही नाही. माझी गाडी संपेल, एवढं साधं आहे. आणि मी सगळ्यांसमोर 'चालवीन' म्हटलेलं आहे.

१२ एप्रिल, शनिवार

लिओनार्ड म्हणाला, मी येतो तळणीवर. अंगणातच गाडी उभी करून तालीम घेतली. त्याने पहिला घाणा कच्चा काढला, दुसरा काळा, आणि दरम्यान चीजचे निम्मे खडे खाल्ले.
"तेल तापलं हे कसं कळतं?" म्हणाला.
मी सांगायला गेले आणि सुचेना. मला माहीतच नाही! वीस वर्षं मी पाठ करून उभी होते, मागून फ्राइज येत होते. ॲम्ब्रोस तेलाकडे बघायचा, नाकाने काहीतरी करायचा आणि जाळी सोडायचा. तेवढंच आठवतं.

लिओनार्डला म्हटलं, तू चांगला शेजारी आहेस. त्याला कळलं, तळणीचं पुन्हा काढलं नाही.

२० एप्रिल, रविवार, ईस्टर

काल ईस्टरच्या जेवणाची टोपली घेऊन चर्चमध्ये गेले, सॉसेज, अंडी, मुळ्याची चटणी, सगळं आशीर्वादाला. ॲम्ब्रोसच्या टोपलीत दुकानातला ब्रेड होता. बायको होती तेव्हा ती घरी भाजायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. मी माझ्या ब्रेडकडे बघितलं, दोन होते. पण मधे दोन बाकं.

आज दुपारी टेसने टोळीची स्पर्धा ठेवली. तिने मुद्दाम केलं असणार, पहिलीच जोडी रोझली आणि ॲम्ब्रोस. सगळे बघणार. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, सप्टेंबरपासूनचं सगळं आज बुरुजावर काढते.

आणि जिंकले. एका मिनिटात! त्याचा डेक माझ्यासारखाच निघाला. बोकड, विहीर, मधमाश्या, दिवेवाली, पूलकरी, सगळं तेच. पण त्याच्या मधमाश्या माझ्या मधमाश्यांना भिडल्या आणि फुस्स झाल्या. त्याची दिवेवाली दोन पावलं चालली आणि विझली. भाचरं टाळ्या पाठवू लागली. मीही एक खिंकाळणारा घोडा पाठवला, चिडवायला.

मग टेसने तो डाव पुन्हा लावून दाखवला, सावकाश. प्रत्येक पत्त्याच्या डोक्यावर त्याची पातळी लिहिलेली असते, खेळताना मी ती कधी बघत नाही. माझ्या मधमाश्या बारा. त्याच्या तीन. माझी दिवेवाली अकरा. त्याची दोन. पूलकरी, माझा अकरा, त्याचा तीन. बाकीचे त्याचे पत्ते तेराच्या घरात आहेत, तो कितीतरी आधीपासून खेळतोय. फक्त हे तीन तळाशी. जे मी मागत होते तेवढेच.

संध्याकाळी टेसला फोन केला.
"तुझ्या बाबाला पत्ते दिल्याचं काय बक्षीस मिळतं?"
"काही नाही."
"आणि तो तारा? गुण?"
"नुसता तारा आहे, आत्या. गुणबिण मी टोळी काढली त्याआधीच बंद झाले."
"मग स्वतःची पातळी उतरवून तो देतो कशाला?"
"तू मागतेस म्हणून."

मी फोन ठेवला. त्या तीन पत्त्यांशिवाय बोकड चालत नाही हे त्याला माझ्या आधी ठाऊक होतं. त्याचाही तोच डेक. त्याने स्वतःचा डेक उपाशी ठेवला आणि माझा भरवला, आणि मी त्याला घोडा पाठवला. मी रडले. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

४ मे, रविवार

तिसऱ्या बाकापर्यंत जायचं ठरवून गेले. पाचव्यापर्यंत गेले. तिथे पुस्तक पाडल्यासारखं करून उचललं आणि परत आले.

पत्ता मागायला बटण आहे. माणूस मागायला का नाही?

१० मे, शनिवार

टोळीच्या गप्पांत लिहिलं. चारदा पुसलं. शेवटी हे राहिलं: "येत्या शनिवारी गाडी उघडायची आहे. तळणीवर माणूस हवा. मला एकटीला जमत नाही."

पाठवून फोन पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. अल्बर्टापासून हॅलिफॅक्सपर्यंत सगळ्यांनी वाचलं असणार. रात्री काढून बघितलं, कोणीही चकार शब्द काढला नव्हता. पहिल्यांदाच सगळी पोरं शहाण्यासारखी वागली.

११ मे, रविवार

उत्तर आलं. एक शब्द.

"कुठे?"

बघा! माणूस बुडत्याला दोर टाकतानाही विचारेल, कुठल्या काठावर. मी तावातावाने "वळणावर" लिहिलं. मग पुसलं. मग "पंपापाशी" लिहिलं, तेही पुसलं, कारण तिथे खरोखरच तळं दिसत नाही आणि खोटं का बोलू. दिवसभर काही पाठवलं नाही. दोन भांडी विनाकारण घासली.

१२ मे, सोमवार

सकाळी लिहिलं: "तू सांग."

हे दोन शब्द मी त्याला आयुष्यात कधी म्हटल्याचं आठवत नाही.

दुपारी आलं: "वळणावर. तळं दिसतं."

आणि त्याच्या खाली, टोळी निघाल्यापासून पहिल्यांदाच, ती ओळ उमटली: 'ॲम्ब्रोसला मधमाश्या हव्या आहेत.' मी होत्या नव्हत्या तेवढ्या दिल्या. एका वेळी जास्त देता येत नाहीत म्हणून खेळ मला थांबवत होता आणि मी बटण दाबतच होते.

१७ मे, शनिवार

गाडी घेऊन वळणावर पोचले तर तो आधीच तिथे. बादली उलटी करून तिच्यावर बसलेला, बटाट्याची पोती पायाशी, कापायचं यंत्र मांडीवर.
"उशीर," म्हणाला.
"मनगट," मी म्हटलं.
"दिसतंय."
त्याने खुंटीवरचा ॲप्रन घेतला. मी तो हिवाळ्यात दोनदा धुतला होता, घाण होता म्हणून. तो तेलाकडे बघत राहिला, नाक जरा वर केलं, आणि जाळी सोडली. मला खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं, कारण माझा चेहरा धड नव्हता.

दहाच्या सुमारास रांग हायवेपर्यंत गेली. आम्ही पूर्वीसारखंच बोललो, म्हणजे "दोन मोठे", "ग्रेव्ही संपतेय", "सरक".

ब्रेड आणला होता घरचा. दुपारी त्याच्यापुढे ठेवला. काही न बोलता निम्मा संपवला आणि उरलेला कागदात गुंडाळून ट्रकमध्ये नेऊन ठेवला.

मग लिओनार्ड आला. त्याच्यासाठी टार्टचा डबा तयारच होता. चारचौघांत सांगायची संधी मी कशी सोडेन? खिडकीतून डबा देत मोठ्याने म्हटलं, "या माणसाने अख्खा हिवाळा माझं आवार साफ केलं, एकदाही न सांगता!" लिओनार्डचे कान लाल झाले. तो माझ्या खांद्यावरून ॲम्ब्रोसकडे बघायला लागला. ॲम्ब्रोस तेलाकडे. लिओनार्डने डबा काखेत मारला आणि फ्राइज न घेताच गेला. लाजाळू आहे बिचारा.

मागून जाळी आपटल्याचा आवाज आला, आणि माझा भाऊ एका दमात इतकं बोलला जितकं गेल्या आठ महिन्यांत बोलला नव्हता.
"चार महिने. अंधारात उठून. आणि माझे टार्ट तो खातोय."

मी वळून काही विचारणार, तोवर कोणीतरी तीन मोठे मागितले आणि ते राहूनच गेलं. याचे टार्ट? याने कधी मागितले होते? आणि अंधारात उठून काय करत होता हा?

उद्या विचारीन. आता विचारायला माझं काही जात नाही.